एक फूट माती

छावणीत गुरुवारच्या बाजारात जनावरांइतक्याच जमिनींच्याही गोष्टी चालतात. तिथे एक सल्ला मी अनेकदा ऐकला आहे : "शेतात जुनं बांधकाम निघालं की जमीन सरकारजमा. घ्यायचीच असेल तर आधी जेसीबी लावून सपाट करा." सांगणारे मुरलेले असतात, म्हणून ऐकणारा मान डोलावतो. हा सल्ला कायद्याला धरून नाही, आणि शेतकऱ्याच्या हिताचाही नाही.

आधी 'सरकारजमा'चं पाहू. १९५८ च्या प्राचीन स्मारकं व अवशेषांच्या कायद्यानुसार केंद्राला एखादी जागा संरक्षित करायची तर दोन महिन्यांची सूचना काढावी लागते. त्या मुदतीत मालकाला हरकत घेता येते. जागा संरक्षित झाली तरी मालकी आपोआप जात नाही. उत्खननामुळे उत्पन्न बुडालं तर भरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे. कलम १९ तर शेतकऱ्याने पाठच करावं. संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, खोदकाम यांना परवानगी लागते, पण एक फुटापेक्षा खोल न जाणाऱ्या शेतीला मनाई नाही. तिफणीने ज्वारी पेरा, वखर घाला, कोणी अडवणार नाही. सीताफळाचा दीड-दोन फुटी खड्डा, विहीर, शेततळं मात्र परवानगीशिवाय नाही.

"सातबारा कोरा आहे ना, मग झालं," हेही फसवं आहे. संरक्षण लागू होतं ते राजपत्रातल्या अधिसूचनेने, इतर हक्काच्या रकान्यात नोंद असो वा नसो. शिवाय २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीने. प्लॉटिंगच्या स्वप्नासाठी असली जमीन घेणारा बुडतो, कारण तो शेताला प्लॉटचा भाव देतो. शेती करायची असेल आणि भाव शेतीचा असेल, तर ती जरूर घ्यावी. दौलताबाद किल्ल्याच्या अंबरकोट या बाहेरच्या तटाच्या आत आजही शेतं आहेत.

परवानगीला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. सरकारने तिथे मुदत पाळलीच पाहिजे. पण त्यावर जेसीबी हा इलाज नाही. संरक्षित अवशेष उद्ध्वस्त केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तुरुंगाहून मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे.

श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे झाडाची मुळं खणताना एका भिल्ल माणसाला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. उभ्या माणसासह बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. त्या जपल्या गेल्या, हे महाराष्ट्राचं भाग्य. पण त्या पुरातत्त्वाच्या शास्त्रीय उत्खननात, थर नोंदवत निघाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात. मुळं खणणाऱ्या एका माणसाच्या हातून, कसलाही वाईट हेतू नसताना, एवढं हरवलं. जेसीबीचा बकेट तर तासाभरात सगळे थर कालवून टाकतो.

म्हणून इसार देण्याआधी गट नंबर घेऊन पुरातत्त्व खात्यात जा. त्यांच्या नकाशावर हद्द पाहा, मोजणी करून बांधावर दगड रोवा. ट्रॅक्टरवाल्याला त्या दगडापाशी उभं करून फाळाची खोली दाखवा.