क्रमांक लागेपर्यंत

रायपूर शहरातील तात्यापारा या वस्तीच्या नावातच दोन भाषांची सोयरीक झालेली आहे. 'पारा' म्हणजे छत्तीसगढी बोलीतील मोहल्ला. 'तात्या' हा शब्द मात्र आपल्या घरातला. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. त्या काळात आणि त्यानंतरही मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली आणि कारकुनी, वकिली, शिक्षकी करीत येथेच रुजली. त्यांना येथे येण्यासाठी कुणाचा परवाना लागला नव्हता. बैलगाडी, पाण्याचा तांब्या आणि नातलगाचे एखादे पत्र एवढी सामग्री पुरेशी होती. त्यांच्याच वंशातील एक कुटुंब मात्र आज एका परवान्याची वाट पाहत आहे आणि त्या प्रतीक्षेला आता एक पिढी लोटत आली आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतर या परिचित घरी जाण्याचा योग आला. घरात चार माणसे: ऐंशीच्या घरातील आजी, शिक्षिका असलेली त्यांची कन्या, जावई आणि बावीस वर्षांची नात. आजींचे चिरंजीव अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांनी २००७ च्या फेब्रुवारीत बहिणीच्या कुटुंबासाठी तिकडे अर्ज दाखल केला, तेव्हा ही नात अजून चार वर्षांचीही झाली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक महिन्याच्या मध्यावर शिसपेन्सिलीने एक लहानशी खूण केलेली दिसली. एकादशी असेल म्हणून विचारले, तर ताई हसून म्हणाल्या, "नाही, आमच्या रांगेचा आकडा त्या सुमाराला जाहीर होतो."

ही रांग कशी चालते, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना जाणून घ्यावेसे वाटेल. कारण आज ज्या घरातील कुणी परदेशी नाही असे मध्यमवर्गीय घर विरळाच. अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाचे पती किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांच्यासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांसाठी मात्र वर्षाला साधारण ६५,००० जागा असतात आणि त्या साऱ्या जगासाठी असतात. त्यातही कोणत्याही एका देशाच्या वाट्याला एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत. शिवाय एका बहिणीचा अर्ज म्हणजे एक जागा नव्हे. तिचे पती आणि मुले यांचीही गणना त्याच संख्येत होते. देश लहान असो वा भारतासारखा विशाल, टक्केवारी तीच असल्यामुळे आपली रांग फार लांब झाली. २०२५ मध्ये या वर्गातील भारतीयांसाठी जो आकडा जाहीर होत होता, तो २००६ साली दाखल झालेल्या अर्जांचा होता. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षांचे अंतर! हा आकडा दरमहा पुढे सरकतोच असेही नाही. कधी तो दोन महिने पुढे जातो, कधी जागच्या जागी थांबतो आणि मागणी वाढल्यास चक्क मागेही येतो.

या घरातील खरा पेच मात्र वेगळाच आहे आणि तो मुलीच्या वयाचा आहे. मूल म्हणून आईबरोबर जायचे तर वय एकवीसपेक्षा कमी हवे आणि विवाह झालेला नसावा. रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांचे बालपण रांगेतच सरून जाते हे ध्यानात घेऊन अमेरिकेने २००२ साली एक कायदा केला. त्यानुसार अर्ज दाखल झाल्यापासून तो मंजूर होईपर्यंत कचेरीत जितका काळ गेला, तितका काळ मुलाच्या वयातून वजा केला जातो. त्यानंतरचा रांगेतील काळ मात्र वजा होत नाही. या कुटुंबाचा अर्ज मे २०१० मध्ये मंजूर झाला. म्हणजे तीन वर्षे तीन महिने वजा होणार. मुलीचा जन्म एप्रिल २००३ चा. एकवीस वर्षे एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण झाली. त्यात ही सवलत मिळविली की मर्यादा जुलै २०२७ पर्यंत जाते. त्यापूर्वी क्रमांक लागला तर ती आईवडिलांबरोबर जाऊ शकेल. ऑगस्टमध्ये लागला तर आईवडील जातील आणि मुलगी येथे राहील.

हा हिशेब जावयांनी वहीच्या मागील पानावर तीन वेळा मांडून ठेवला होता. आणि याच सुमारास बिलासपूरहून मुलीला एक चांगले स्थळ सांगून आले होते. अमेरिकेत पाऊल ठेवण्यापूर्वी विवाह झाला, तर या अर्जातून तिचे नाव गळते. तेथे पोचल्यानंतर विवाह केला, तर तिला पतीसाठी अर्ज करता येतो. परंतु तोवर ती तेथील नागरिक झालेली नसल्याने पतीला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. म्हणजे एका प्रतीक्षेच्या पोटी दुसरी प्रतीक्षा.

अनिश्चिततेचा कटू अनुभव या घराने पूर्वीही घेतलेला आहे. आजींचे यजमान २०१८ मध्ये निवर्तले, तेव्हा चिरंजीवांनी आईसाठी स्वतंत्र अर्ज केला. आईवडिलांना रांग नसल्यामुळे काम लवकर झाले आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाली ती एप्रिल २०२० ची! वैद्यकीय तपासणी झाली, लोकरीचे कपडे शिवून आले, आणि मार्चमध्ये महासाथीमुळे वकिलातींचे नेहमीचे कामकाज स्थगित झाले. पाठोपाठ २२ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जी घोषणा काढली, तिने कायम वास्तव्यासाठी येणाऱ्या अनेकांचा प्रवेश रोखला. नागरिकांचे पती-पत्नी आणि लहान मुले यांना त्यातून वगळले होते, आईवडिलांना नव्हते. ती घोषणा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी रद्द झाली. परंतु तोवर तपासणीची मुदत संपलेली होती, कागदपत्रे शिळी झाली होती आणि आजींचे मनही उतरले होते. "आता मला तिकडची थंडी सोसायची नाही," असे सांगून त्यांनी तो विषय मिटवला. लोकरीचे कपडे अजून ट्रंकेत आहेत.

त्या काळात हे दुःख एकट्या तात्यापाऱ्याचे नव्हते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये आपल्या सीमा बंद केल्या आणि तेथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांना जवळच्या कुटुंबात गणले जाण्यासाठी १ नोव्हेंबर २०२१ उजाडावे लागले. आई ही जवळची नातलग आहे की नाही, असा प्रश्न आपल्या घरात कुणाला सुचणारही नाही. परंतु कायद्याचे कुटुंब आणि आपले कुटुंब यांच्या व्याख्या निराळ्या असतात आणि संकटकाळी तो निराळेपणा उघडा पडतो.

मागील इतिहासाकडे पाहिले म्हणजे आजच्या रांगेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेने भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा देऊ केल्या. त्यापूर्वी तर दार जवळजवळ बंदच होते. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार जुनी विभागणी मोडली आणि कुटुंबाच्या एकत्रीकरणाला महत्त्व दिले. आज उत्तर अमेरिकेत जी शेकडो मराठी घरे आपल्या भावंडांना बोलावू शकतात, ती त्या बदलामुळे.

प्रतीक्षा केवळ जाणाऱ्यांच्याच वाट्याला येते असे नाही. परतणाऱ्यांनाही ती चुकत नाही. रायपूर आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे ज्या काळी एकाच मध्य प्रांतात होते, त्या काळी वर्ध्याचे एक तरुण, डॉ. पांडुरंग खानखोजे, विदेशी गेले. क्रांतिकार्यामुळे त्यांना मायदेशाची दारे बंद झाली. १९२४ पासून त्यांनी मेक्सिकोत राहून कृषिशास्त्राचे अध्यापन केले आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केले. तेथेच बेल्जियन पत्नी आणि दोन कन्या असा त्यांचा संसार उभा राहिला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परतण्याची अनुज्ञा मागितली. परंतु ब्रिटिशांच्या जुन्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे ती प्रथम नाकारण्यात आली! पुढे तो निर्णय बदलला, ते नागपूरला येऊन राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. विशेष हे की, परत येण्याची आशा मनात असताना त्यांनी मेक्सिकोतील आयुष्य अर्धवट जगले नाही. तेथील शेतकऱ्याचे शेत आपलेच मानून त्यांनी त्यात काम केले. वाट पाहणाऱ्यांनी त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांच्या घरी असा अर्ज प्रलंबित असेल, त्यांनी कागदपत्रांची तयारी क्रमांक लागण्यापूर्वीच करावी. जन्माची नोंद नसेल, तर विलंबाने नोंद करून घेण्याची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे; मात्र तिला वेळ लागतो. रायपूरसारख्या शहरात आणखी एक गुंता असतो. २००० सालच्या १ नोव्हेंबरपूर्वीच्या दाखल्यांवर राज्य मध्य प्रदेश असते आणि नंतरच्यांवर छत्तीसगढ. हे चुकीचे नाही आणि त्यासाठी दाखला बदलून घेण्याची गरज नाही. नावांचे मात्र जपावे. ताईंच्या विवाहाच्या दाखल्यावर एका कचेरीतील लेखनिकाने आडनावातील एक अक्षर गाळले होते. ते दुरुस्त करून घेण्यात सात महिने गेले; मुलाखतीच्या आदल्या महिन्यात ते लक्षात आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

अर्जाच्या मंजुरीचे पत्र जपून ठेवावे, कारण वयाचा सारा हिशेब त्यावरील तारखेवर अवलंबून असतो. पत्ता बदलला तर तो कळवावा. बोलावणे आल्यावर वर्षभर उत्तर न दिल्यास अर्ज रद्द होऊ शकतो. क्रमांक पुढे आणून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थांना एक पैसाही देऊ नये. रांग पुढे नेण्याची शक्ती त्यांच्यापैकी कुणाच्याही हाती नाही. विवाह लपवून अविवाहित म्हणून जाण्याचा सल्ला कुणी देईल, तर तो सल्ला नसून सापळा आहे. आणि प्रत्यक्ष परवाना हाती पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये, घर विकू नये, तिकिटे काढू नयेत.

परंतु या साऱ्यांहून अगत्याची एक गोष्ट आहे आणि ती मला त्या घरातील मुलीकडून कळली. रात्रीच्या जेवणानंतर वडिलांनी पुन्हा ती वही काढली आणि जुलै २०२७ भोवती वर्तुळ काढून ते मला दाखवू लागले. मुलगी ताटे उचलीत होती. ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, माझे वय तुम्ही सगळ्यांनी मोजले. मला जायचे आहे का, हे मात्र अजून कुणीच विचारले नाही."

कुणी काही बोलले नाही. अर्ज भरला तेव्हा तिला विचारण्यासारखे तिचे वय नव्हते. आणि पुढे विचारावयाचे राहूनच गेले. दीर्घ प्रतीक्षेचा हाच मोठा धोका आहे. एके काळी घेतलेला निर्णय घरातील लाकडी कपाटासारखा होऊन बसतो. तो कुणी, का आणि कुणासाठी घेतला हे विसरले जाते, आणि सारे घर त्याच्या बाजूने वाट काढीत चालू लागते. ताईंनी पुष्कळ वेळाने विचारले, "मग तुला काय वाटते?" मुलगी म्हणाली, "मला अजून ठाऊक नाही. पण बिलासपूरच्या मंडळींना खरे काय ते सांगा. आणि मला सहा महिने विचार करू द्या. तेवढी मुदत आपल्याजवळ आहे."

तेव्हा ताई म्हणाल्या की, तसे पाहिले तर त्यांचाही निश्चय डळमळीतच आहे. कारण त्या गेल्या तर आईंना कुणाजवळ ठेवायचे? हे वाक्यही त्या घरात प्रथमच उच्चारले गेले असावे. आजी कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तेव्हा आजींनी नातीला ट्रंकेतून आपले पारपत्र काढावयास सांगितले. त्याची मुदत केव्हाच संपली होती. "हे नवे करून आण," त्या म्हणाल्या. "मी जाईन असे नाही. पण माझ्यामुळे कुणी राहिले, असे व्हायला नको. मग तुम्ही काय ते मोकळ्या मनाने ठरवा."

क्रमांक केव्हा लागेल हे त्या घरात आजही कुणाला सांगता येत नाही. पण त्या रात्रीपासून ते घर केवळ आकड्याची वाट पाहत नाही. एकमेकांचे ऐकूनही घेते.