जनुकांच्या नकाशात देशी गाय कुठे?

संगणकाच्या पडद्यावर एक आडवी पट्टी उमटते. ती डावीउजवीकडे सरकवावी, मोठी करावी, की गाईच्या गुणसूत्रावरील जनुके एकामागोमाग दिसू लागतात; आणखी मोठी केली, तर एकेक अक्षर. ब्रिटनमधील हिंक्स्टनचे 'एन्सेम्बल' किंवा अमेरिकेतील सांताक्रूझ येथील विद्यापीठाचा असाच नकाशा जगभर विनामूल्य खुला आहे. कोंबडी (२००४), कुत्रा (२००५), गाय व घोडा (२००९), डुक्कर (२०१२) असे एकेका पाळीव प्राण्याचे जनुकीय आराखडे प्रसिद्ध होत गेले. नागपूरचा संशोधक आणि केंब्रिजचा संशोधक आज एकच पडदा पाहतात, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रश्न आहे तो हा नकाशा कोणत्या गाईचा, हा.

तो अमेरिकेतील मोंटाना राज्यात वाढलेल्या 'डॉमिनेट' या हेरेफर्ड गाईचा आहे. २०१८ मधील सुधारित आवृत्तीही तिचीच. हेरेफर्ड ही मांसासाठी पोसली जाणारी, वशिंड नसलेली जात. तिचा आणि आपल्या वशिंडधारी गाईंचा वंश लाखो वर्षांपूर्वीच वेगळा झाला. खिल्लार किंवा डांगीचा डीएनए वाचला जातो, तेव्हा त्याचे तुकडे डॉमिनेटच्या आराखड्याशी जुळवून बसविले जातात. जे तिच्यात नाहीच, त्याला पडद्यावर जागा मिळत नाही.

चौदाव्या गुणसूत्रावरील 'डीजीएटी-१' या जनुकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या प्रथिनात २३२ व्या जागी लायसिन असल्यास दुधात स्निग्धांश अधिक असतो, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. युरोपीय जातींत दोन्ही रूपे आढळत असल्याने वळू निवडताना ही चाचणी उपयोगी पडते. भारतीय गाईम्हशींत मात्र बहुतेक सर्वत्र लायसिनच. सर्वांचा निकाल एकच येणार असेल, तर निवड कशाच्या आधारे करायची?

अँगस व ब्रह्मन यांच्या संकरातून वशिंडधारी वंशाचा उत्तम आराखडा २०२० मध्ये मिळाला. ब्रह्मन ही भारतातून गेलेल्या गीर, ओंगोल आदी जातींपासून अमेरिकेत घडलेली. म्हणजे आपली गुरे पाहायची, तीही परदेशी नातवंडांच्या चेहऱ्यात!

भारतात २०२१ मध्ये 'इंडिगौ' ही ११,४९६ खुणांची चिप आली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे गाईंसाठीच्या एकीकृत जनुकीय चिपचे अनावरण झाले. चिप स्वस्त असते, पण ती ठरवून दिलेल्या जागाच तपासते. नवे काही शोधणे तिच्या आवाक्याबाहेरचे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मुऱ्हा म्हशीचा आराखडा तयार करून वाट दाखविली. त्यासाठी आई, वडील व वासरू अशा तिघांच्या नमुन्यांची पद्धत वापरली गेली. इगतपुरी-अकोल्याच्या पावसात टिकणाऱ्या डांगीसाठी हेच करायचे, तर खात्रीच्या शुद्ध वंशाचे असे त्रिकूट आधी शोधावे लागेल. आणि गावोगावच्या कळपांची वंशावळ क्वचितच कोणी लिहून ठेवलेली असते.