घाट चढायचा तो कुणाच्या चालीने?

आरोग्यासाठी जुन्या घाटवाटा चढायचे बेत हल्ली जोरात असतात. व्हॉट्सअॅपवर रविवार ठरतो, टी-शर्ट छापून येतात, आणि माथ्यावर पोचताच कोण किती मिनिटांत चढलं याचे आकडे फिरू लागतात. पण घड्याळच लावायचं तर नाणेघाट कशाला हवा, सोसायटीचा जिना काय वाईट? दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे चढायचा. ओझं घेतलेली माणसं आणि जनावरं धावत चढत नसतात. ती दमतात, थांबतात, पाणी पितात, मागच्यांना गाठू देतात. कातळात खोदलेली पाण्याची टाकी त्यासाठीच आहेत. माथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. तसं असेल तर तिथेही खोळंबा ठरलेलाच. वरच्या लेण्यात बसावं. भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. हे नीट पाहायचं तर पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात श्वासही ठिकाणावर येतो. जुन्या वाटेचा आरोग्याला उपयोग आहे तो असा, आणि शर्यत लावली की नेमका तोच हातचा जातो.

गटाने चालण्याचा फायदा हा नुसता उत्साही मंडळींचा दावा नाही. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली १४ देशांतले ४२ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत १८४३ माणसं होती. रक्तदाब, विश्रांतीतले नाडीचे ठोके, शरीरातली चरबी, नैराश्य, सगळ्यांत सुधारणा दिसली. वरचा रक्तदाब सरासरी चारेक अंकांनीच उतरला, म्हणजे गोळी बंद करावी इतका नव्हे. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की बहुतेकांनी चालणं मध्येच सोडलं नाही. एकट्याने सुरू केलेलं चालणं पहिल्या पावसात बंद पडतं. सोबतीला चौघं थांबली असली की निघावंच लागतं.

यावर कुणी म्हणेल, हा अभ्यास गटाचा आहे, जुन्या वाटांचा नाही. मग बागेतच गट करा की! बरोबर आहे. रोजचं चालणं बागेतच व्हावं, आरोग्यासाठी सांगतात तो आठवड्याला दीडशे मिनिटांचा हिशेब घाटावर जमणार नाही. घाट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, गट टिकवायला. गुडघ्यांची हरकतही खरी आहे: दगडी पायऱ्या उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त बोलतात. पण जुन्नरकडून गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. ज्येष्ठांनी लेणं आणि टाकी पाहून झेपेल तेवढंच उतरावं आणि परतावं. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तिसरी हरकत मात्र टाळता येत नाही. पावसाळी शनिवार-रविवारी अशा वाटांवर जत्रा लोटते आणि मागे बाटल्या राहतात. आरोग्याच्या नावाखाली आणखी पन्नास जणांची बस तिथे रिकामी करण्याला माझा साफ विरोध आहे. बारा-पंधरा माणसं, शक्यतो आडवार, वाटाड्या गावातलाच, जेवण गावातल्याच घरी, आणि सर्वांत सावकाश चालणारा सगळ्यांच्या पुढे. एवढं ज्यांना रटाळ वाटेल त्यांच्यासाठी शहरात मॅरेथॉन भरतातच.