ताऱ्याचा ठोका आणि आपले गणित

स्पंदक म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा अतिघन तारा. त्याच्या प्रत्येक फेऱ्यासरशी रेडिओलहरींचा एक ठोका आपल्यापर्यंत पोहोचतो. हे ठोके विलक्षण नियमित असतात; परंतु ते ऐकणारी पृथ्वी मात्र सूर्याभोवती धावत असते. तिच्या या भ्रमणामुळे ठोका सहा महिन्यांत १६ मिनिटांपर्यंत मागेपुढे होऊ शकतो. म्हणून प्रत्येक ठोक्याची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी नेऊन मांडावी लागते. हे किचकट गणित संगणकाची आज्ञावली करते.

१९९१ साली इंग्लंडमधील जोड्रेल बँक येथील शास्त्रज्ञांनी एका स्पंदकाभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले. त्याचा परिभ्रमणकाल होता सहा महिने! चाणाक्ष वाचकाच्या मनात येथेच शंका यावी. दुर्बीण निर्दोष होती, ठोकेही खरे होते. परंतु स्पंदकाचे आकाशातील स्थान किंचित चुकीचे धरले गेले होते आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, ही गोष्ट गणितात पुरती उतरली नव्हती. तो ग्रह म्हणजे आपल्याच पृथ्वीच्या गतीचा आभास होता. जानेवारी १९९२ मध्ये अँड्र्यू लाइन यांनी अटलांटा येथे भरसभेत चूक कबूल केली, तेव्हा श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या.

ही कथा प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण पुढचा संशोधक तितकाच प्रामाणिक असून त्याला चूक दिसलीच नाही तर? माझे मत असे की, आज्ञावलीस दुर्बिणीसारखेच उपकरण मानून तिची परीक्षा दुसऱ्या, स्वतंत्रपणे रचलेल्या आज्ञावलीने घेतली पाहिजे. ‘टेंपो’ आणि २००६ सालची ‘टेंपो-२’ उपलब्ध असतानाही ‘पिंट’ ही तिसरी आज्ञावली मुद्दाम निराळी रचली गेली, ती याच हेतूने. एकच काम पुनःपुन्हा करणे काहींना उधळपट्टी वाटते. मला ती काटकसर वाटते.

कारण आता शोधावयाचे फरक सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान आहेत. २०१८ साली अमेरिकेतील एका संशोधकसंघास आढळले की, ग्रहस्थितीची सारणी बदलताच गुरुत्वलहरींविषयीचा निष्कर्षही हलतो. २०२३ साली अशा लहरींचा पुरावा मांडणाऱ्यांत नारायणगावजवळील खोडद येथील महादुर्बिणीचे वेधही होते. अशा प्रत्येक निष्कर्षासोबत आज्ञावलीची आवृत्ती आणि वापरलेली सारणी छापणे बंधनकारक असावे. या तिन्ही आज्ञावली कोणासही वाचावयास खुल्या आहेत. महाविद्यालयातील विद्यार्थ्यानेही त्या उघडून पाहाव्यात.