पावसात बघायची गाडी

मंगाईची यात्रा झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही निपाणीला गाडी बघायला निघालो. पाऊस धरलेला होता. बेळगावच्या वडगावातून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. पुढं मी आणि आमचे मेस्त्री, मागं आई. तिला तासाभराच्या वर पाय खाली सोडून बसवत नाही. शिवाय वाटेत बसता येण्याजोगं शौचालय मिळेल की नाही या धास्तीनं प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही. तीन वर्षांत तिची सौंदत्ती झालेली नाही. झोपायची आणि शौचालयाची सोय असलेली जुनी गाडी घ्यावी का, हा विषय आमच्या घरात त्यासाठी निघाला.

गाडीत बिऱ्हाड घालून देवाला जाणं आपल्या भागाला नवीन नाही. आईच्या लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीनंच जायचे. वर तट्ट्या, खाली लोंबता कंदील, भाकऱ्यांचं गाठोडं, आणि पोरं गवतावर झोपलेली. माघात चिंचलीच्या मायाक्काला आजही गाड्या जुंपून जाणारे आहेत.

निपाणीची गाडी 2012 सालची ट्रॅव्हलर, पासिंग कोल्हापूरचं. कंपनीचं नाव 2005 सालीच बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स झालं, तरी आपल्या तोंडी अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च. सीटं काढून आत पलंग, सिंक, शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात शौचालय केलेलं. मेस्त्रींनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मालकानं इंजिन तापवून ठेवलेलं असलं तर सकाळची खोड कळत नाही. गार होतं. गाडी सुरू करून त्यांनी तेलाचं झाकण सोडवलं आणि तोंडावर नुसतं टेकवून ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही, धूरही आला नाही. ‘इंजिन अजून धरून आहे की,’ म्हणाले. मग पोत्यावर आडवे होऊन पाटे आणि चासी बघितली.

माझा जीव मात्र आतल्या वासात अडकला होता. बंद खोलीचा, ओल्या लाकडाचा वास. कपाट नवीन पांढऱ्या रंगानं रंगवलेलं. छताच्या झरोक्याखालच्या कोपऱ्यात प्लायवर अंगठा दाबला, तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. बाहेर पाऊस नसता तर हे कळलंच नसतं.

अशा गाडीला दोन वयं असतात, एक गाडीचं आणि एक घराचं. गाडीच्या वयाची मला भीती नाही. ट्रॅव्हलरचा स्पेअर पार्ट बेळगावात मिळतो, कोल्हापुरात मिळतो, आणि हात काळे करणारा मेस्त्री कुठल्याही नाक्यावर भेटतो. घराच्या वयाला मेस्त्री कुठाय? छताचा सांधा, टाकीची गळती, भिंतीमागून नेलेली वायर हे ज्यानं बसवलं त्यालाच ठाऊक, आणि तो कोण हे मालकालाही आठवत नव्हतं. त्यातून ही गाडी वर्षातले दहा महिने उभीच राहते. पळून गाडी जितकी झिजते, त्याहून जास्त ती आपल्या पावसात उभी राहून कुजते.

मग कागद. दहा वर्षांनी डिझेल गाडी बाद होते असं आमच्या गल्लीत सगळे सांगत होते. तो नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागाचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे ही 2027 पर्यंत. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. खरी गोम नोंदणीच्या पुस्तकात निघाली. पुस्तकात अजून ‘12 अधिक 1’ सीटं, आणि आत सीट एकही नाही! मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परवानगी घेऊन नोंदवावा लागतो. कॅम्पर व्हॅन हा वर्गच नोंदणीत वेगळा आहे. न नोंदवता फिरलो आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट त्याच्यावरच ठेवणार. आणि आपण सीमेवरचे. कोगनोळी ओलांडून रोज ये-जा असली, तरी गाडी वर्षाच्या वर इथं राहिली की कोल्हापूरची ना-हरकत आणायची, कर्नाटकाचा कर भरायचा आणि नवा नंबर घ्यायचा. हा खर्च धरला तर मालक सांगतो ती किंमत स्वस्त राहत नाही. माझ्या मते जुन्या गाडीची किंमत हा सगळा हिशेब मांडल्यावरच बोलावी, आधी नाही.

इसार दिला नाही. बदलाची नोंद पुस्तकावर चढवून द्या आणि झरोक्याखालचा पत्रा आमच्यासमोर उघडून दाखवा, एवढं मालकांना सांगितलं. त्यांनी आठ दिवस मागून घेतले.

आम्ही बोलत होतो तेव्हा आई दारापाशी उभी होती. पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. मेस्त्रींनी स्टूल आणून ठेवलं, मी हात दिला, तेव्हा ती चढली. पलंगावर बसून तिनं पाय लांब केले. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग उठून शौचालयाचं दार उघडलं, आतला दांडा धरून बघितला आणि मला हाक मारली.

‘हा दांडा ह्या अंगाला नको रे. उठताना माझा उजवा हात लागतो. आणि खाली एक पायरी जास्तीची बसवून घे.’