पटावर हजर, पोर्टलवर गैरहजर

संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांचे, तक्ते शाळांच्या लॉगिनला दिसू लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून दुसरा विषयच हद्दपार होतो. ३० सप्टेंबरचा पट धरणार आणि त्यातही आधार वैध झालेलाच विद्यार्थी मोजणार, हा नियम मुख्याध्यापकांना एव्हाना पाठ झाला आहे. मूल रोज वर्गात बसते, हजेरीपटावर त्याची सही-शिक्क्यानिशी नोंद असते, चाचणी देते, सराव परीक्षेत नापासही होते. पण यू-डायस प्लस पोर्टलवर शाळेची नोंद आधारशी जुळली नाही आणि नावापुढे ‘मिसमॅच’ आले की शिक्षक मोजण्यापुरते ते मूल नसतेच. हेच मूल मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरला बसते तेव्हा मात्र निकालाच्या टक्केवारीत पूर्ण एक धरले जाते. ही कुठल्या गणिताची रीत?

मिसमॅच होतो कसा, हे मंत्रालयात कुणी विचारले असेल असे वाटत नाही. मुखेड, कंधार, लोहा, जळकोटकडची कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. देगलूर-धर्माबादकडची कामासाठी तेलंगणात जातात. आधार जिथे निघाले तिथल्या माणसाने ऐकू आले तसे नाव लिहिले. वडिलांचे नाव मधे आले नाही, आडनाव पुढे गेले, जन्मतारखेच्या जागी सरळ १ जानेवारी पडली. आपल्या जनरल रजिस्टरात मात्र पहिलीला प्रवेश देताना गुरुजींनी लिहिलेले नाव. रजिस्टरात खाडाखोड करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. आधार दुरुस्त करायचे तर पुरावा हवा, आणि जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, नाव दोनदा. एखाद्याच्या बापाने ती एक संधी आधीच चुकीची तारीख घालून संपवलेली असते. त्यात पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यायचे, म्हणजे ऐन नववी-दहावीत. आधार केंद्र तालुक्याला. मजुरी बुडवून आलेल्या पालकाला ‘सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या’ एवढे ऐकायला मिळते.

२०२५ मध्ये तर कहरच झाला. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरले. सप्टेंबरअखेर गोदावरी, मांजरा, तेरणा पात्र सोडून वाहत होत्या. घरातले धान्य वाहून गेले तिथे रेशनकार्ड आणि जन्मदाखला कोण शोधत बसणार? आणि पट मोजायची तारीख तीच. मुदत आठ-पंधरा दिवस पुढे ढकलली म्हणून कागद परत येत नाहीत.

पूर्वी दोन-चार मुलांच्या हिशेबाने फारसे बिघडत नसे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ती सवड संपवली. नववी-दहावीचा पट वीसच्या आत गेला की शिक्षक शून्य. एकवीस मुलांच्या शाळेत दोन मिसमॅच निघाले तर गणिताचे सर अतिरिक्त, समायोजनाच्या यादीत. मग महिन्याभरात त्याच कार्यालयातून निकाल उंचावण्याच्या कृती आराखड्याचे पत्र येते: गणित व विज्ञानाचे जादा तास घ्यावेत, अहवाल दुपारी चारपर्यंत सादर करावा. तास घेणारा माणूस तुम्हीच काढून नेलात, साहेब. आराखड्यावर सही कुणाची घ्यायची?

लातूर विभागाचे आकडे समोर ठेवा. २०२५ च्या दहावीत राज्यात शंभर टक्के गुण मिळवणारे २११, त्यांतले ११३ आपल्या विभागाचे. विभागाचा निकाल मात्र ९२.७७ टक्के, राज्याचा ९४.१०, नऊ मंडळांत आठवा नंबर. त्याच वर्षी बारावीत तर ८९.४६ टक्क्यांनी आपण तळाला. लातूर-नांदेडच्या क्लासेसची झळाळी आणि वाडी-तांड्यावरच्या जिल्हा परिषद प्रशालेचा अंधार एकाच तक्त्यात दिसतो. विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी आहे, वैद्यकीय आहे. पंचवीस-तीस किलोमीटर गेले की दहावीला विज्ञान शिकवायला माणूस नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाची २०२३ ची पाहणी महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यातच झाली होती, देशभरच्या त्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले नाही. बोर्डाच्या टक्केवारीत यातले काहीच उमटत नाही.

का उमटत नाही, ते आपल्यालाही ठाऊक आहे. शासनाला बोलून झाले, आता घरातले. तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे वीसपैकी एकोणीस गुण सरसकट वाटणारे कोण? नववीतल्या कच्च्या मुलाच्या बापाला बोलावून ‘याचा सतरा नंबरचा फॉर्म भरा, इथे जमणार नाही’ असे सांगणारे कोण? ते मूल खासगी विद्यार्थी झाले की शाळेचा निकाल शंभर टक्के, फाटकावर फ्लेक्स, संस्थाचालक खूश. त्या मुलाचे पुढे काय होते, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. आणि गंमत अशी की सतरा नंबरला घालवलेले प्रत्येक पोर पटातून वजा होते. म्हणजे शंभर टक्क्यांच्या नादात आपणच आपल्या हाताने आपले पद कमी करतो आहोत. कॉपीमुक्त अभियानात पर्यवेक्षक बाहेरच्या शाळेचा आला की आपल्यातल्याच काही सदस्यांचा घसा कोरडा पडतो, तोही याच कारणाने. हे मासिक त्यांच्या बाजूने लिहिणार नाही.

लिहायचे आहे ते वेगळे, आणि त्यासाठी तुमची मदत लागेल. संचमान्यतेच्या प्रश्नावर मोर्चे झाले, ५ डिसेंबर २०२५ ला शाळाही बंद ठेवल्या. आता कागद हवा. प्रत्येक मुख्याध्यापकाने एका पानावर एवढेच लिहून पाठवावे: हजेरीपटावरची नववी-दहावीची संख्या, त्यांतले आधार वैध किती, मिसमॅच किती व प्रत्येकाचे कारण, मंजूर पदे, प्रत्यक्ष हजर शिक्षक विषयनिहाय, आणि गेल्या दोन वर्षांत सतरा नंबरला गेलेली मुले. शेवटचा रकाना कोरा ठेवू नका. तो कोरा आला तर बाकीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. शिक्का आणि जावक क्रमांक घाला. तालुकावार तक्ता आम्ही करू, शिक्षण उपसंचालक व विभागीय मंडळ दोन्हीकडे देऊ आणि पुढच्या अंकात छापू. शाळेचे नाव नको असेल तर तसे कळवा, छापणार नाही. पाने महिनाअखेर आमच्याकडे यावीत.