विश्लेषण : हौशी सायकलपटूंनी व्यावसायिक संघांची जर्सी घालावी का?

रविवारी पहाटे पुण्याच्या बोपदेव घाटात किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर उभे राहिले, की सायकलस्वारांचे घोळके दिसतात. त्यात कुणी ‘यूएई टीम एमिरेट्स’चा असतो, कुणी ‘इनिऑस’चा, तर कुणी थेट टूर डी फ्रान्सच्या पिवळ्या जर्सीत. प्रत्यक्षात यांपैकी कुणी बँकेत अधिकारी असतो, कुणी दंतवैद्य, कुणी महाविद्यालयीन विद्यार्थी. मग व्यावसायिक संघाची जर्सी घालणे ही निखळ आवड म्हणायची, की न केलेल्या कामगिरीचा आव? सायकलिंगच्या जगात हा वाद जुना आहे. महाराष्ट्रात सायकलस्वारांची संख्या वाढली, तसा तो इथल्या घाटांतही पोहोचला आहे.

वाद नेमका कशावरून?

युरोपातील जुन्याजाणत्या सायकलस्वारांत एक अलिखित संकेत आहे. संघाची जर्सी संघातल्यांसाठी. ज्याला ती घालण्याचा पगार मिळतो त्याने घालावी, इतरांनी साधी किंवा आपल्या क्लबची घालावी. ‘वेलोमिनाटी’ या गटाने असे अनेक संकेत नियमावलीत बांधले आणि २०१३ मध्ये ते ‘द रूल्स’ या नावाने पुस्तकरूपात आले. संघाची जर्सी घालायचीच असेल, तर खालची चड्डीही त्याच संघाची हवी, असा त्यात आग्रह आहे. ही नियमावली निम्मी थट्टेची आहे. अडचण अशी, की ती वाचणाऱ्यांपैकी काहींनी थट्टा वगळून फक्त नियम उचलले.

त्याचा फटका बसतो नवख्याला. सायकल नुकतीच घेतलेली असते, मोज्यांची उंची किती असावी हेही ठाऊक नसते (होय, त्यावरही वाद आहे), आणि पहिल्याच राइडला कुणीतरी म्हणते, ‘काय पोगाचार, आज चढावर उतरून ढकलत?’ हसण्यावारी नेण्याजोगे वाक्य. पण पुढच्या रविवारी तो येत नाही. वजन, वय, मधुमेह अशा कारणांनी सायकलकडे वळलेल्या माणसाला घट्ट जर्सीत रस्त्यावर येण्याचाच संकोच असतो. त्यात कपड्यांची परीक्षा कशाला?

जर्सीवर नावे असतात तरी कुणाची?

क्रिकेट वा फुटबॉलच्या संघाला शहराचे किंवा देशाचे नाव असते. सायकलिंगचे संघ बहुधा कंपन्यांच्या नावाने ओळखले जातात. ‘क्विक-स्टेप’ ही घरातल्या फरशीवर बसवायच्या लॅमिनेटची कंपनी. ‘सूदाल’ गोंद आणि फटी बुजवायचे सीलंट विकते. ‘अल्पेसिन’ हा शाम्पू आहे, ‘लिडल’ सुपरमार्केटची साखळी आणि ‘व्हिस्मा’ हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवते. एडी मर्क्सने १९७०च्या दशकात गाजवलेली मोल्तेनीची नारिंगी जर्सी इटलीतील एका सॉसेज उत्पादकाची होती.

याचे कारण पैशांच्या गणितात आहे. सायकल शर्यत रस्त्यावर होते आणि रस्त्याला तिकीट लावता येत नाही. टूर डी फ्रान्सच्या प्रक्षेपण हक्कांचे पैसे आयोजकांकडे जातात. संघांच्या हाती उरतो तो प्रायोजक. सुरुवातीला संघ पोसणाऱ्या कंपन्या सायकलींच्याच असत. १९५४ मध्ये इटलीचा सायकलपटू फिओरेंझो माग्नी याने ‘निव्हिया’ या क्रीम बनवणाऱ्या कंपनीला संघाच्या पाठीशी आणले आणि सायकलव्यवसायाबाहेरच्या प्रायोजकांना वाट मोकळी झाली. टूर डी फ्रान्समध्ये १९३० पासून राष्ट्रीय संघ उतरत. १९६२ मध्ये कंपन्यांचे संघ परतले. तेव्हापासून (१९६७ आणि १९६८ चा अपवाद सोडल्यास) जर्सी म्हणजे धावता फलकच.

मग संघाची जर्सी घालणे म्हणजे ‘कामगिरीची चोरी’ हा आरोप कितपत टिकतो? त्या जर्सीवर कामगिरीचे काहीच लिहिलेले नसते. लिहिलेले असते गोंदाचे आणि शाम्पूचे नाव. संघातला सर्वांत मागे राहणारा, दिवसभर सहकाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहणारा सायकलपटूही तीच जर्सी घालतो. ती गणवेश आहे, पदक नव्हे.

पिवळी, ठिपक्यांची आणि इंद्रधनुषी जर्सी वेगळी का?

काही जर्सी मात्र खरोखरच पदक असतात आणि खरा मुद्दा तिथे आहे. टूर डी फ्रान्समध्ये एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला पिवळी जर्सी देण्याची प्रथा १९१९ मध्ये सुरू झाली. शर्यत भरवणारे ‘लोतो’ हे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई, तोच रंग जर्सीला आला. पहिला मानकरी युजेन क्रिस्तोफ. प्रेक्षक आपल्याला ‘कॅनरी पक्षी’ म्हणून चिडवतात अशी त्याची तक्रार होती, असे सांगितले जाते. म्हणजे आज जिच्यासाठी माणसे जिवाचे रान करतात, त्या जर्सीची सुरुवात टिंगलीने झाली! इटलीच्या जिरो शर्यतीत १९३१ पासून गुलाबी जर्सी आली, कारण ‘ला गझेट्टा देल्लो स्पोर्ट’चा कागद गुलाबी. डोंगरचढांच्या गुणांत अव्वल ठरणाऱ्याची निवड टूरमध्ये १९३३ पासून होत होती. पण पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी आली १९७५ मध्ये, ‘पूलें’ या चॉकलेट कंपनीच्या प्रायोजकत्वाने. त्या वर्षी ती बेल्जियमच्या लुसियन व्हान इम्पने जिंकली.

या सर्वांहून मानाची म्हणजे जगज्जेत्याची. पांढऱ्या जर्सीवर छातीभोवती निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे. १९२७ मध्ये आल्फ्रेडो बिंदा याने व्यावसायिकांची पहिली जागतिक रस्ता-शर्यत जिंकली, तेव्हापासून ही परंपरा आहे. जगज्जेता वर्षभर ती घालतो, तीही ज्या प्रकारात जिंकला त्याच प्रकारात. वैयक्तिक वेळेच्या शर्यतीतला जगज्जेता साध्या रस्ता-शर्यतीत ती घालू शकत नाही. वर्ष संपले की जर्सी उतरते. पण बाही आणि कॉलरच्या कडेला ते पाच रंग मिरवण्याचा मान त्याला पुढेही राहतो. सायकलपटूच्या बाहीची बोटभर पट्टी पाहून जाणकार ओळखतात, की हा कधीतरी जगात पहिला आला होता.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर तालमीचे देता येईल. लंगोट कसून कुणीही आखाड्यात उतरावे, माती अंगाला लावावी. वस्ताद उलट शाबासकीच देतील. पण ‘महाराष्ट्र केसरी’ची चांदीची गदा न जिंकता कुणी खांद्यावर टाकून गावातून मिरवत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताबही कुणी बाजारातून विकत आणून छातीवर लावत नाही. एमिरेट्सची वा लिडलची जर्सी हा लंगोट झाला. पिवळी, ठिपक्यांची आणि इंद्रधनुषी जर्सी ही गदा आहे.

पण आयोजक स्वतःच त्या विकतात, त्याचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. पिवळ्या जर्सीच्या अधिकृत प्रतिकृती टूरचे आयोजकच विकतात. शर्यतीपुढे जाणाऱ्या जाहिरात-ताफ्यातून ठिपक्यांचे टी-शर्ट आणि टोप्या प्रेक्षकांवर उधळल्या जातात. आल्प्समधल्या एखाद्या वळणावर ठिपकेच ठिपके दिसतात आणि ते कुणाला खटकत नाहीत. कारण ते घालणारे रस्त्याच्या कडेला उभे असतात. तिथे ती दाद असते.

क्रिकेटशी तुलना केली, की हे अधिक उलगडते. वानखेडेवर निळी जर्सी घालून आलेल्या हजारोंना ‘तुला फलंदाजी येते का’ असे कुणी विचारत नाही. सचिन तेंडुलकरचा १० क्रमांक पाठीवर असलेली मुले गल्लोगल्ली दिसतात. पण ऑगस्ट २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने एकदिवसीय पदार्पणात तोच क्रमांक घातला, तेव्हा समाजमाध्यमांवर गहजब झाला आणि पुढे तो ५४ क्रमांक घालू लागला. खरे तर शार्दूल भारतीय संघात स्वतःच्या बळावर आला होता; त्याच्यावरची टीका अनाठायीच होती. पण गॅलरीत जे प्रेम ठरते तेच मैदानात दावा वाटू शकते, हे त्यातून दिसले.

सायकलिंगची गोम अशी, की इथे गॅलरी आणि मैदान वेगळे नाही. टूरच्या मार्गावरील आल्प द्युएझचा २१ वळणांचा चढ वर्षभर कुणालाही खुला असतो. ‘लेताप द्यू टूर’ या उपक्रमात १९९३ पासून हौशी सायकलस्वार टूरचाच एखादा टप्पा बंद रस्त्यावर पार करतात. प्रेक्षक सायकलवर बसला, की त्याच रस्त्यावरचा सायकलपटू होतो. म्हणून जी जर्सी कठड्याशी शोभते, ती हँडलवर वाकल्यावर वेगळे काही सांगू लागते.

पदरमोड करून जाहिरात कशाला?

कामगिरीच्या आक्षेपापेक्षा हा प्रश्न अधिक टोकदार आहे. व्यावसायिकाला नाव मिरवण्याचे पैसे मिळतात. हौशी माणूस काही हजार रुपये मोजून तेच नाव फुकट मिरवतो. शिवाय प्रायोजक टिकत नाहीत. ‘स्काय’चा संघ २०१९ मध्ये ‘इनिऑस’ झाला, ‘जम्बो-व्हिस्मा’ २०२४ मध्ये ‘व्हिस्मा-लीज अ बाइक’. आज घेतलेली जर्सी दोन-तीन वर्षांत कालबाह्य होते. (आणखी वीस वर्षे जपली, तर मात्र तिला ‘रेट्रो’ म्हणून पुन्हा मान मिळतो.)

नावाबरोबर इतिहासही अंगावर येतो. १९९८ च्या टूरमधून उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात ‘फेस्टिना’ या घड्याळ कंपनीचा संघ बाहेर काढला गेला. लान्स आर्मस्ट्राँगने अमेरिकी टपाल खात्याच्या निळ्या जर्सीत सलग सहा वेळा टूर जिंकली आणि सातवी ‘डिस्कव्हरी’च्या जर्सीत, २०१२ मध्ये सातही विजेतेपदे काढून घेतली गेली. ‘इनिऑस’ ही रसायन कंपनी प्रायोजक झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये भूगर्भातून वायू काढण्याच्या तिच्या योजनांविरोधात २०१९ च्या टूर डी यॉर्कशायरमध्ये निदर्शने झाली. जर्सी घेताना रंगाबरोबर नावही वाचावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. स्वस्तातल्या बनावट प्रतींतून तर संघालाही काही मिळत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात शिवण उसवते.

महाराष्ट्रातील चित्र काय?

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यातून गेली. तिच्या श्रेणीमुळे वर्ल्ड टूरचे बडे संघ त्यात नव्हते. म्हणजे दुकानांत ज्यांच्या जर्सी मिळतात ते संघ या रस्त्यांवर आले नाहीत आणि जे आले त्यांच्या जर्सी फारशा कुणाकडे नाहीत. तरीही, व्यावसायिकांचा घोळका इतक्या जवळून जाताना पाहिलेल्या एखाद्या मुलाला संघाची जर्सी हवीशी वाटली, तर त्याला शिष्टाचार शिकवायला जाणे हा करंटेपणा ठरेल. क्रिकेटवेड्या प्रदेशात सायकलिंगला अशाच वेडाची गरज आहे.

दुसरीकडे, इथल्या हौशींकडे मिरवण्याजोगे स्वतःचेही पुष्कळ आहे. ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावे लागतात. फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या राइडला कमाल ९० तास मिळतात. महाराष्ट्रातून गेलेल्या अनेकांनी ती पूर्ण केली आहे. त्या राइडची जर्सी अंगावर असलेला साठीतला गृहस्थ घाटात भेटला, तर तिच्यापुढे कुठल्याही संघाची प्रतिकृती फिकी वाटते. क्लबच्या जर्सीवर तर गावातली डेअरी, ओळखीचा दवाखाना, सायकल दुरुस्तीचे दुकान अशी नावे असतात. जाहिरातच करायची, तर ही बरी. पंक्चर झाल्यावर यांतलाच कुणीतरी फोन उचलतो.

आणि सुरक्षिततेचे काय?

जर्सी कुणाची यावर पोटतिडकीने बोलणारे तिच्या रंगावर फारसे बोलत नाहीत. ‘स्काय’ची काळी जर्सी टीव्हीवर देखणी दिसे, पहाटे साडेपाचला महामार्गाच्या कडेला ती दिसतच नाही. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधनात एकाच सायकलस्वाराने सात वेगवेगळे पोशाख घालून मागून येणारी वाहने किती अंतर राखतात, हे मोजले गेले. रेसिंगचे कपडे असोत वा नवशिक्याचे, अंतरात फारसा फरक पडला नाही. पोलिसांसारखा भासणारा आणि चित्रीकरण सुरू असल्याचे सांगणारा जाकीट घातल्यावरच चालक थोडे दूर राहिले. म्हणजे पोगाचारची जर्सी पाहून ट्रकचालक जागा देईल, या भ्रमात राहू नये. डेन्मार्कमध्ये मात्र सुमारे ६,८०० सायकलस्वारांवर झालेल्या प्रयोगात भडक पिवळे जाकीट वापरणाऱ्यांचे इजा होणारे अपघात इतरांपेक्षा लक्षणीय कमी आढळले. ब्रेव्हेत रात्री परावर्तक जाकीट सक्तीचे असते ते उगाच नाही. अंधारात निघणाऱ्याने संघाची जर्सी खुशाल घालावी, तिच्यावर ते जाकीट चढवावे आणि मागचा लाल दिवा चार्ज आहे ना, हे घरातून निघतानाच पाहावे.